थांबायचं व्याज आम्हाला कोण देणार?



नेऱ्याच्या बाजूनं बघितलं की माथेरानचा डोंगर दिसतो. त्याच डोंगररांगेखालून बदलापूरकडून मोरब्याकडे चार किलोमीटरहून लांब जोड बोगदा खणलाय. वडोदरा-मुंबई महामार्गाचा तो भाग. लोक म्हणतात, सरकारनं केवढा पैसा ओतला! आम्ही म्हणतो, पैसा कुणाचा आणि तो फिरतो कसा, ते आधी समजून घ्या. आपल्या दळीचा प्रश्न त्यात गुंतलाय.

भोज ते मोरबे हा टप्पा 'हॅम' पद्धतीच्या ठेक्यावर दिला. ही पद्धत केंद्रानं 2016 मध्ये आणली. रस्ता 100 रुपयांचा धरा. काम चालू असताना सरकार 40 रुपये हप्त्यानं देतं. उरलेले 60 ठेकेदारानं उभे करायचे. थोडे पदरचे, बाकी बँकेचं कर्ज. रस्ता झाला की सरकार ते 60 रुपये 15 वर्षं, दर सहा महिन्यांनी, व्याजासकट फेडतं. गाड्या कमी येवोत की जास्त, हप्ता चुकत नाही. म्हणजे ठेकेदार नुसता बांधत नाही, सरकारला उधारही देतो.

उधारीवर व्याज घेणं ही काही चोरी नव्हे, हे आम्हालाही कळतं. पैसा अडकला की माणूस काम रखडवत नाही, हेही खरं. आमचा सवाल वेगळा आहे. ज्यानं पैसा दिला त्याच्या थांबण्याला करारात किंमत आहे. ज्यानं पिढ्यान् पिढ्या दळी कसली, जंगल राखलं, त्याच्या थांबण्याला काय किंमत?

वनहक्क कायदा 2006 चा, नियम 2008 चे. तेव्हापासून आपल्यातल्या कितीतरी जणांचे दावे या टेबलावरून त्या टेबलावर फिरतायत. कधी नकाशा नाही, कधी पुरावा कमी. दावा टाकणारा म्हातारा गेला, पोराच्या हातात नुसती पोच राहिली. त्या वर्षांचं व्याज कुठल्या कागदावर लिहिलंय?

आणि हा नुसता रागाचा प्रश्न नाही. असा ठेका सुरू व्हायला 80 टक्के जागा ताब्यात लागते. मग वरून खालपर्यंत घाई सुटते. ज्याचा सातबारा आहे त्याला मोबदला. ज्याच्याकडे पोच आहे, तो म्हणे अतिक्रमण करणारा!

त्यात 5 फेब्रुवारी 2013 चं केंद्राचं पत्र आहे. रस्ता, कालवा, वीजवाहिनी अशा लांबलचक कामांना ग्रामसभेच्या संमतीतून सूट दिली. फक्त आदिम जमातींच्या मान्य झालेल्या हक्कांना धक्का लागत असेल तर सूट नाही. आपला कातकरी समाज आदिम जमातीत मोडतो. पण 'मान्य झालेले' हा शब्द नीट वाचा. दावा अडकून पडला तर हे संरक्षणही अडकतं. ठाकूर भावांना तर तेवढाही आडोसा नाही.

आता विरार-अलिबाग मार्ग येतोय, तोही मोरब्यावरून. 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं तो बीओटीवर बांधायला मंजुरी दिली. बीओटीत ठेकेदार पैसा घालतो आणि टोलमधून काढतो. भूसंपादनासाठी 22,250 कोटी आणि त्यावरच्या व्याजासाठी वेगळे 14,763 कोटी धरलेत. बघा, व्याजाला आधीच तरतूद आहे. मग आपले दावे आधी निकाली काढायला माणसं आणि वेळ का नाही?

म्हणून प्रत्येक वाडीनं तीन कामं करावीत.

एक, वनहक्क समितीनं सगळ्या प्रलंबित दाव्यांची यादी करून पोचेच्या झेरॉक्स एका जागी ठेवाव्यात.

दोन, ग्रामसभेत ठराव घ्यावा: कायद्याच्या कलम 4(5) प्रमाणे दाव्यांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणालाही जमिनीवरून हटवता येणार नाही. ठरावाची नक्कल शिक्क्यासह घ्यावी.

तीन, माहितीच्या अधिकारात रस्त्याचा नकाशा आणि ठेक्याचा करार मागावा. जागा कधी ताब्यात द्यायची ती तारीख त्यात असते. आपल्याला ती आधी कळली पाहिजे.

रस्त्याला आमचा आंधळा विरोध नाही. त्या रस्त्यानं आजारी माणूस लवकर दवाखान्यात पोचला तर आम्हालाही आनंदच आहे. पण सावकाराचा हप्ता आधी आणि कसणाऱ्याचा हक्क मागाहून, हा हिशोब चालणार नाही. आधी दावा, मग रस्ता!