जपानी हातांतील विदेशी यंत्र

जपानी खेळाडू विदेशी गेम कन्सोल केवळ तो विदेशी आहे म्हणून नाकारतात, हे स्पष्टीकरण मला मान्य नाही. तसे असते तर त्याच देशात आयफोन इतका रुजला नसता. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २००२ मध्ये तेथे एक्सबॉक्स आणला, तेव्हा मूळ अमेरिकी कंट्रोलर फारच अवजड असल्याने जपानसाठी लहान कंट्रोलर घडवावा लागला. (पुढे अमेरिकेनेही तोच स्वीकारला, ही गंमत!) २००६ मध्ये हिरोनोबू साकागुची यांचा ‘ब्लू ड्रॅगन’ आला, पण एखाददुसऱ्या खेळासाठी किती जण नवे यंत्र घेणार? यंत्रे खपली नाहीत की खेळांचे निर्माते अन्यत्र वळतात, आणि खेळ नाहीत म्हणून यंत्रे खपत नाहीत. हे चक्र गणनक्षमतेने तुटत नाही. २०२० चा एक्सबॉक्स सिरीज एक्स १२ टेराफ्लॉप्सचा. निन्टेन्डो स्विच त्यापुढे अगदीच दुबळा. तरी जपानने उचलला तो स्विचच, कारण तो घरातल्या टीव्हीवर चालतो आणि आगगाडीतही. आपल्या विज्ञानवार्ता मात्र यंत्राची ओळख अजून वेगाच्या आकड्यानेच करून देतात. विदेशी कंपनीला जपानात संधी असेल, तर ती हातात मावणाऱ्या यंत्रातच. व्हॉल्व्हचा स्टीम डेक डिसेंबर २०२२ मध्ये तेथे पोहोचला. माझे लक्ष त्याच्याकडे आहे.