निर्यातीची कोळंबी तपासली जाते, घरच्या रोहूचे काय?

अन्नपदार्थांतील प्रतिजैविकांच्या अवशेषांबाबत भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने केलेली दुरुस्ती १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. मांस, दूध, अंडी, मध यांबरोबरच संवर्धित मासळीही तिच्या कक्षेत आहे. मर्यादा कडक झाल्या, हे स्वागतार्हच. परंतु अवशेष मोजले जातात ते विक्रीच्या माशात, आणि प्रश्नाचे मूळ मात्र तळ्याच्या पाण्यात व गाळात आहे.

मत्स्यसंवर्धनात भारताचा क्रमांक जगात दुसरा आहे. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे १८४ लाख टन मासळीचे उत्पादन झाले. त्यात अंतर्देशीय जलस्रोतांचा वाटा सुमारे तीन चतुर्थांश होता. आंध्र प्रदेशातील कोल्लेरू सरोवराचा परिसर हे गोड्या पाण्यातील मत्स्यशेतीचे प्रमुख केंद्र होय. तेथील रोहू आणि कटला बर्फात भरून ट्रकने पश्चिम बंगाल व आसामपर्यंत जातात, महाराष्ट्राच्या बाजारांतही येतात.

एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू गोड्या पाण्यात सर्वत्र असतो. निरोगी माशाला तो सहसा बाधत नाही. तळ्यात माशांची दाटी झाली, प्राणवायू घटला किंवा अर्गुलस या परजीवीने कातडीला जखमा केल्या की तो उचल खातो. अंगावर लाल चट्टे येतात, पोटात पाणी साचते, खवले उभे राहतात. आंध्रात तांदळाचा कोंडा व पेंड भोके पाडलेल्या पोत्यांत भरून ती पाण्यात टांगण्याची पद्धत रूढ आहे. औषधही याच खाद्यात मिसळले जाते. परंतु आजारी मासा सर्वप्रथम खाणे सोडतो. त्यामुळे औषध जाते ते निरोगी माशांच्या पोटात, आणि उरलेले गाळात. गाळातील जिवाणूंना अपुऱ्या मात्रेची सवय होते. जे तगतात, ते आपली प्रतिरोधक जनुके शेजारच्या वेगळ्या जातीच्या जिवाणूंनाही देऊ शकतात.

अनेकदा तर औषधाचा रोगाशी संबंधच नसतो. १९८८ मध्ये भारतात शिरलेला माशांचा व्रणरोग बुरशीसदृश जीवामुळे होतो आणि अर्गुलस हा तर कवचधारी प्राणी. दोहोंवर प्रतिजैविक निरुपयोगी आहे.

येथे ग्राहकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. औषध थांबवून पुरेसे दिवस गेल्यावर पकडलेला मासा अवशेषांच्या चाचणीत निर्दोष ठरू शकतो, तरीही त्याच्या अंगावर प्रतिरोधक जिवाणू असू शकतात. नीट शिजवल्यावर ते मरतात. धोका आहे तो तळ्यात उतरणाऱ्या मजुराला, आणि मासा साफ करणाऱ्या हातावर जखम असेल तर त्या हाताला.

निर्यातीच्या कोळंबीची गोष्ट निराळी. युरोपीय संघाने २०१६ मध्ये भारतीय संवर्धित कोळंबीच्या तपासणीचे प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा साऱ्या उद्योगाची धावपळ उडाली. २००५ च्या किनारी मत्स्यसंवर्धन प्राधिकरण कायद्याने तर गोड्या पाण्यातील संवर्धन आपल्या व्याख्येतूनच वगळले आहे. हा विषय राज्यांकडे राहतो. आंध्र प्रदेशाने २०२० मध्ये स्वतंत्र कायदा करून प्राधिकरण स्थापले. कॉलिस्टिन या अखेरच्या फळीतील औषधाचा मत्स्यशेतीतील वापर केंद्राने २०१९ मध्ये बंद केला, तोही योग्य निर्णय होता. मात्र घरच्या रोहूसाठी ब्रसेल्सहून कोणी पत्र पाठवत नाही.

सगळा दोष शेतकऱ्यावर टाकणेही न्याय्य नव्हे. जिवाणू ओळखून त्यावर कोणते औषध लागू पडेल हे प्रयोगशाळेत ठरवण्यास दोन-तीन दिवस लागतात. रोगाची लाट आलेल्या तळ्यात तेवढ्या अवधीत मेलेले मासे काठाला लागू लागतात. तळ्याजवळ प्रयोगशाळा नसते, खाद्य आणि औषधांचे दुकान असते. आणि सल्लाही तेथेच, विनामूल्य मिळतो.