काटा त्यांचा, मापारी त्यांचा आणि तक्रारही त्यांच्याकडेच!



कापसाची गाडी केंद्रावर लागली की काय होते, ते तुम्हाला सांगायला नको. ग्रेडर मूठभर कापूस हातात घेतो, नाक मुरडतो, ओल जास्त आहे म्हणतो आणि प्रत खाली उतरवतो. एकाधिकार खरेदीच्या काळात हेच झाले, खाजगी व्यापाऱ्याच्या दारातही हेच होते. तक्रार करायची तर कोणाकडे? त्याच केंद्राच्या प्रमुखाकडे. तो ग्रेडरलाच हाक मारतो, "काय हो, बरोबर आहे ना?" ग्रेडर म्हणतो, बरोबर आहे. संपली चौकशी. आपण गाडी रिकामी करून घरी येतो.

आज आम्ही कापसाबद्दल लिहीत नाही. तुमच्या-आमच्या मुलामुलींच्या कॉलेजांबद्दल लिहितो आहोत. तिथल्या चौकशीची तऱ्हाही अगदी हीच आहे.

शेतकऱ्यांच्या पत्रकात कॉलेजचे काय काम, असे काही जण विचारतील. काम आहे. ती फी कोठून येते? बियाण्याचे आणि खताचे देणे मागे ठेवून पहिल्या वेचणीचे पैसे कोणाच्या खात्यात जातात? १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित कॉलेजांचे पीक आले आणि कारखाना, बँक, जिनिंग यांच्या जोडीला कॉलेजही त्याच पुढाऱ्यांच्या हाती गेले. जो भाव पाडतो तोच फी ठरवतो. मग तिथे पोरीला त्रास झाला, पोराला जातीवरून टोचले, तर त्याची दाद कोण घेते हे विचारण्याचा हक्क आपल्याला नाही तर कोणाला आहे?

कायदे नाहीत असे मुळीच नाही. उलट कायद्यांचा पाऊस आहे, फक्त तो आपल्या शिवारात पडत नाही. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ चा. त्यात स्पष्ट लिहिले आहे की लेखी तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थेच्या प्रमुखाने चौकशी करायची, प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करायचे आणि तक्रार पोलीस ठाण्याकडे पाठवायची. प्रमुखाने हयगय केली तर त्याने गुन्ह्याला साथ दिली असे धरून त्यालाही शिक्षा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद! किती पालकांना हे कोणी सांगितले? २००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी नियम केले. २०१६ च्या दुरुस्तीने त्यात हेही आले की जात, धर्म, भाषा, प्रांत, राहण्याचे ठिकाण किंवा घरची आर्थिक स्थिती यावरून कोणाला छळणे, वाळीत टाकणे हे रॅगिंगच आहे. म्हणजे वऱ्हाडी बोलला म्हणून हसून हसून पोराला खोलीत कोंडून घ्यायला लावणे, हीसुद्धा नुसती थट्टा नाही.

२०१२ साली आयोगाने भेदभावाविरुद्ध वेगळे नियम केले. प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष हवा, भेदभावविरोधी अधिकारी हवा. वर्गात पोरांची जात पुकारायची नाही, कोणाला "राखीववाला" म्हणून हिणवायचे नाही, प्रयोगशाळेत नुसते उभे करून ठेवायचे नाही, असे एकेक कलम आहे. मुलींच्या छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आणि २०१५ चे आयोगाचे नियम आहेत. त्या कायद्याचे मूळ कुठे आहे ठाऊक आहे? राजस्थानात, जयपूरजवळच्या भटेरी गावात. भंवरी देवी नावाची एक खेडूत बाई सरकारच्या योजनेत काम करताना बालविवाह अडवायला गेली म्हणून १९९२ साली तिच्यावर अत्याचार झाला. खालच्या न्यायालयाने आरोपी सोडले. त्या प्रकरणामुळे महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९७ साली विशाखा निकाल लागला. आज शहरातल्या प्रत्येक कार्यालयाच्या आणि कॉलेजच्या भिंतीवर ज्या समितीचा फलक दिसतो, ती एका खेड्यातल्या बाईच्या लढ्यातून आलेली आहे. आणि आपल्याच पोरींना त्या फलकावरचा फोन लावून पाहायची भीती वाटते.

का वाटते? कारण त्यांना चौकशी कोण करतो ते दिसते.

२०२३ च्या नियमांत विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. भेदभावाची तक्रार, अडकलेली शिष्यवृत्ती, अडवून ठेवलेली मूळ कागदपत्रे, सगळे तिच्याकडे जाते. पंधरा कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा आहे. वाचायला छान. पण समितीत कोण? अध्यक्ष त्याच संस्थेतले प्राध्यापक, सदस्य त्याच संस्थेतले प्राध्यापक. विद्यार्थ्याचा प्रतिनिधी निमंत्रित म्हणून. ज्यांचा पगार, बढती आणि रजा संस्थेच्या अध्यक्षाच्या शब्दावर चालते, ते त्याच संस्थेच्या अब्रूविरुद्ध निकाल लिहितील? एखादा लिहीलही. अशा मास्तरांना आमचा नमस्कार आहे. पण व्यवस्था एखाद्याच्या हिमतीवर सोडायची नसते. वर लोकपाल आहे, अपील करता येते, हे खरे; पण खालच्या समितीने कागदच दिला नाही तर अपील कशावर करायचे?

तक्रार कशी मरते ते पाहा. पोरगी अर्ज घेऊन ऑफिसात जाते. बाबू म्हणतो, ठेवून जा. आवक क्रमांक नाही, पोच नाही. दोन दिवसांनी मॅडम बोलावतात, "बाळ, वर्ष वाया जाईल, प्रॅक्टिकलचे मार्क आमच्याच हातात असतात." तिसऱ्या दिवशी बापाला फोन जातो. बाप फवारणीचा पंप पाठीवरून उतरवून एसटीने येतो, हात जोडतो आणि "समज देऊन प्रकरण मिटवले" या कागदावर अंगठा किंवा सही करून जातो. वर्षअखेरीस तक्त्यात आकडा भरला जातो: तक्रारी शून्य.

हा शून्य आपण ओळखतो. ही कॉलेजची पैसेवारी आहे. शेतात ज्वारीचा कडबा झाला नाही, पऱ्हाटी वाळून उभी आहे आणि कागदावर पैसेवारी पन्नासच्या वर! दुष्काळ जाहीर झाला तर सरकारला द्यावे लागते, म्हणून दुष्काळ नाही. तक्रार नोंदली तर संस्थेचे नाव जाते, म्हणून तक्रार नाही. ज्या कॉलेजात हजार-दोन हजार पोरे आहेत आणि वर्षानुवर्षे एकही तक्रार नाही, ते कॉलेज चांगले आहे असे मानू नका. तिथे तोंड दाबलेले आहे, असे समजून चौकशी करा.

२०१९ च्या मे महिन्यात जळगाव जिल्ह्यातली, तडवी भिल्ल समाजातली डॉ. पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयात शिकत असताना गेली. तिच्यावरच्या तीन डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. घरच्यांचे म्हणणे हेच की आम्ही आधी सांगितले होते. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला गेला. त्याआधी त्याला वसतिगृहातून काढले होते. त्या दोघांच्या आया, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मागणी साधी: २०१२ चे नियम कागदावर आहेत, ते अमलात आणा.

त्यातून पुढे काय झाले? १३ जानेवारी २०२६ ला आयोगाने नवे नियम काढले. त्यावर देशभर गदारोळ झाला आणि २९ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती देऊन २०१२ चेच नियम चालू ठेवायला सांगितले. सगळे भांडण पेटले ते तक्रार कोणत्या जातीने करायची यावर. चौकशी कोणी करायची यावर फार थोडे बोलले गेले. त्या नव्या नियमांतही समितीचा अध्यक्ष संस्थेचा प्रमुखच होता! काटा पुन्हा त्यांच्याच हातात. खोट्या तक्रारीची ज्यांना भीती वाटते त्यांनाही आम्ही हेच सांगतो. बाहेरचा, कोणाचा मिंधा नसलेला माणूस चौकशीला बसला, दोन्ही बाजूंचे जबाब लेखी झाले, निकालाची नक्कल दोघांनाही मिळाली, तर खोट्यात अडकवलेला पोरगाही सुटेल. घरातली गुपचूप चौकशी कोणालाच न्याय देत नाही.

आता एक कडू गोष्ट. छळणारी पोरे काही विलायतेहून येत नाहीत. त्यातली कितीतरी आपल्याच गावांतली, आपल्याच भावकीतली आहेत. गावात मजुराशी आणि त्याच्या वस्तीशी जे वागणे चालते, तेच पोरगा पेटीत घालून होस्टेलवर घेऊन जातो. भाव पडला की आपण म्हणतो आमच्यावर अन्याय. खोलीतल्या दुसऱ्या पोराचे ताट वेगळे ठेवले तर ती रीत! कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या बोर्डिंगात सर्व जातींची पोरे एका पंगतीला बसवली. डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत अंबादेवीच्या दारात अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी उभे राहून दाखवले. ही शेतकऱ्यांचीच माणसे होती. त्यांच्या नावाच्या कमानी उभारणाऱ्या संस्थांना आणि त्यांच्या नावाने मते देणाऱ्या आपल्याला, दोघांनाही हा हिशेब चुकवता येणार नाही.

सुरक्षेचे कागद त्याच जातीचे. राज्याचा आगीपासून संरक्षणाचा कायदा २००६ चा आहे. आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत आहे असा दाखला परवानाधारकाकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घ्यायचा असतो. दाखला फाइलीत असतो. होस्टेलच्या जिन्यावरच्या लाल नळकांड्यावरची चिठ्ठी मात्र कोणी वाचून पाहत नाही, आणि मुलींच्या होस्टेलचा मागचा दरवाजा रात्री कुलूपबंद असतो. आग लागली तर पोरींनी काय खिडकीच्या गजांतून जायचे?

आणखी एक गंमत पाहा. दर वर्षी प्रवेशाच्या वेळी रॅगिंग करणार नाही असे हमीपत्र पोराकडून घेतात आणि पालकाचीही सही घेतात. बरोबरच आहे. पण तुमचे लेकरू आमच्याकडे सुरक्षित राहील, असा कॉलेजची सही असलेला कागद आपल्या हातात कधी पडतो?

तेव्हा जिल्हा बैठकीला येण्याआधी प्रत्येक तालुक्याने एवढे करावे. आपल्या भागातल्या कॉलेजात दोन पालकांनी आणि एका बाईने मिळून जावे. भेदभावविरोधी अधिकारी कोण, मुलींच्या समितीवर बाहेरची सदस्य कोण, हे नावानिशी लिहून आणावे. रॅगिंगविरोधी समितीवर २००९ च्या नियमांप्रमाणे पालकांचा प्रतिनिधी असायलाच हवा. तो कोण, त्याला कोणी नेमला आणि तो शेवटच्या बैठकीला होता काय, ते विचारावे. होस्टेलच्या नळकांड्यावरची तारीख डोळ्यांनी पाहावी. कॉलेज सरकारी किंवा अनुदानित असेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून गेल्या तीन वर्षांत किती तक्रारी आल्या, किती दिवसांत निकाल झाला, हे मागावे. विनाअनुदानित असेल तर तोच अर्ज विद्यापीठाकडे टाकावा. कोणीही अर्ज दिला की पोच घ्यावी; पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवावा. रॅगिंगसाठी १८००१८०५५२२ हा देशाचा फुकट फोन आहे, तो पोरांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्यावा.

बैठकीत आपली मागणी एकच असेल: भेदभावाच्या, छळाच्या प्रत्येक चौकशीत निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे, संस्थेच्या पगारावर नसलेले, आणि अध्यक्षही त्यांच्यातलाच. तक्त्यांत "शून्य" लिहिलेली कॉलेजे तालुकावार वेगळी काढून आणा. त्यांच्या प्राचार्यांना बैठकीला बोलावू आणि सर्वांसमोर तो शून्य वाचायला लावू.