तपासणीचेही पैसे असतात

माझा धाकटा भाऊ पिंपळनेरला डिझेल व्हॅन चालवतो. सकाळी शाळेची मुलं, दुपारी मिळेल ते भाडं. महिनाभर गाडीने छळलं. सकाळी स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरायची, सुरू झाली की थरथरायची आणि ताहराबादकडे जाताना शेलबारीच्या चढावर काळा धूर सोडत दम टाकायची. एका मोठ्या गॅरेजात बॉनेट नीट उघडायच्या आतच निकाल मिळाला, "चारही इंजेक्टर गेले, नवे टाका." आकडा ऐकून भाऊ गप्पच झाला.

शुक्रवारी जुम्मा आटोपून आम्ही गाडी गावातल्या एका मेस्त्रीकडे नेली. माझाच जुना विद्यार्थी. म्हणाला, "सर, इंजेक्टरला सगळ्यात शेवटी हात लावू."

त्याने आधी डिझेल फिल्टर काढून पाणी आहे का पाहिलं, हवेचा फिल्टर आणि नळ्या तपासल्या, हीटर प्लग पाहिले, स्कॅनर लावला. मग चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून इंजिन काही मिनिटं चालू ठेवलं. तीन बाटल्यांत बोटभर डिझेल आलं, तिसऱ्या नंबरची बाटली अर्धी भरली. त्या इंजेक्टरमधून डिझेल परत निसटत होतं. रेलमध्ये दाब तयार व्हायला वेळ लागायचा, म्हणून गाडी सकाळी उठत नव्हती.

भाऊ म्हणाला, "मग टाक तो बदलून." पण मेस्त्री थांबला. नोझलचा फवारा बिघडलाय की नाही, हे बाटलीत दिसत नाही. चारही इंजेक्टर त्याने धुळ्याला टेस्ट बेंचवर पाठवले. तीन पास झाले, तिसरा नापास. नवा बसवताना खालची जागा साफ केली, तांब्याची वायसर नवी घातली आणि इंजेक्टरवरचा कोड स्कॅनरने गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये भरला. तो नाही भरला तर डिझेलचं माप चुकतं.

जुन्या पंपाच्या गाडीत हे काम सोपं होतं. चालू इंजिनवर एकेका पाइपचा नट ढिला करायचा. ज्याने आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर बंद. कॉमन रेलवर हे चुकूनही करू नये. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, इथे दाब १६०० बारपर्यंत जातो. एवढ्या दाबाची डिझेलची धार कातडीत घुसते. कॉमन रेल मोटारींमध्ये आली १९९७ साली. आमच्याकडच्या कित्येक मेस्त्र्यांनी आधी पंप शिकला, मग कुणाच्या हाताखाली न बसता हे नवं शिकून घेतलं. आपल्या शेजारी नाशिकला सातपूरमध्ये बॉशच्या कारखान्यात, ज्याला लोक अजूनही मायको म्हणतात, इंजेक्टर आणि नोझल तयार होतात. पण बिघाड शोधायची विद्या आमच्याकडे अजून तोंडोतोंडीच चालते.

आता मूळ मुद्दा. हिशोबाच्या वेळी भाऊ म्हणाला, "भाई, पार्ट तर एकच टाकला, मग एवढी मजुरी कसली?" तीन इंजेक्टरचे हजारो रुपये वाचवणाऱ्या माणसाच्या तोंडावर तो हे बोलला. त्याची मला लाज वाटली, पण नवल नाही वाटलं. आपण सगळे असेच आहोत. हातात पार्ट दिसला की पैसे देतो. डोकं वापरल्याचे पैसे मागितले की लूट वाटते. मग मेस्त्रीने काय करावं? अर्धा दिवस फुकट घालवून एक पार्ट विकण्यापेक्षा, न तपासता चार विकणं त्याला परवडतं. त्या मोठ्या गॅरेजाला आपण सहज बेइमान म्हणतो. ती बेइमानी पोसायला गिऱ्हाईक म्हणून आपलाही हात लागतो.

म्हणून गाडी टाकतानाच तपासणीची मजुरी वेगळी ठरवा आणि खुशीने द्या. बाटल्या स्वतः पाहा. बेंचचा रिपोर्ट मागा, जुना पार्ट परत मागा. पैसे दिलेत, तर पुरावा मागायचा हक्कही तुमचाच.

भावाने शेवटी पूर्ण मजुरी दिली. परतताना मला त्या पोराची आठवीतली मराठीची वही आठवली. मी तिच्यावर 'कच्चा' असा शेरा मारला होता. तो नेमका कुठे अडतोय, हे तपासायला मी थांबलो नव्हतो.