जाळ्यांत आलेला कचरा कोणाचा?

मत्तयाच्या शुभवर्तमानांत स्वर्गाच्या राज्याला जाळ्याची उपमा दिलेली आहे. समुद्रांत टाकलेल्या जाळ्यांत नाना प्रकारचे जीव सांपडतात. कोळी तें किनाऱ्यावर ओढून आणतात, खालीं बसतात, चांगलें तेवढें भांड्यांत भरतात आणि वाईट तें टाकून देतात. हा दृष्टांत आपण वारंवार ऐकला आहे. तथापि त्यांतील एका लहानशा गोष्टीकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. ती ही कीं, ही निवड किनाऱ्यावर होते. वाईट तें पुनः समुद्रांत लोटलें, असें तेथें म्हटलेलें नाहीं. आज आपल्या समुद्रावर बहुधा ह्याच्या उलट घडत आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

ट्रॉलर नांवाच्या यांत्रिक नौकेचें जाळें नरसाळ्याच्या आकाराचें असतें. दोन जड फळ्या त्याचें तोंड पाण्याखालीं उघडें ठेवतात आणि नौका तें समुद्राच्या तळावरून ओढीत नेते. कोळंबी, माकूल, राणीमासा इत्यादि मासळी जाळ्याच्या शेवटीं असलेल्या पिशवींत जमा होते. परंतु त्याच तळावर आपण टाकलेलें प्लास्टिकही पडलेलें असतें. प्लास्टिक पाण्यावर तरंगतें, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती अर्धीच खरी होय. पाण्याच्या बाटल्या ज्या प्लास्टिकच्या करतात तें, तसेंच जाळ्यांचें नायलॉन, हीं पाण्याहून जड आहेत. बाजारहाटाची पातळ पिशवी हलकी खरी, पण तिच्यावर शेवाळ व बारीक शिंपले चढले आणि पोटांत चिखल भरला कीं तीही तळ गाठते. पॅसिफिक महासागरांतील मारियाना गर्तेंत 10,898 मीटर खोलीवर 1998 सालीं एक प्लास्टिकची पिशवी आढळली होती. मग कोंकणच्या उथळ समुद्राची कथा काय सांगावी! पावसाळ्यांत मासेमारी बंद असते; नेमक्या त्याच दिवसांत नद्या व नाले शहरांचा आणि गांवांचा केरकचरा समुद्राच्या स्वाधीन करीत असतात.

ह्या कचऱ्यानें मच्छिमाराचें नुकसान तरी किती प्रकारें व्हावें! जाळ्याच्या भोकांतून पाणी व लहान पिलें निघून जावीं अशी योजना असते. तीं भोकें पिशव्यांनीं बुजलीं कीं पाणी अडतें, जाळें जड होतें आणि नौकेला डिझेल अधिक लागतें. पिलें आंतच गुदमरून मरतात, म्हणजे पुढील वर्षाच्या मासळीचाही घात होतो. चांगली मासळी कचऱ्याखालीं चिरडून तिचा भाव उतरतो. तळाशीं पडलेल्या जुन्या दोरखंडांत जाळें अडकून फाटलें, तर त्या खेपेचे सारे श्रम फुकट जातात. शिवाय खलाशांनीं ओल्या पिशव्यांच्या ढिगांतून कोळंबी वेंचीत बसावें, हें निराळेंच.

एवढें झाल्यावर तांडेल काय करतो? नौकेवर जागा थोडी. बंदरांत कचरा उतरवावा तर तो घेणारा कोणी नाहीं. तेव्हां तो कचरा पुनः पाण्यांत जातो आणि उद्यां दुसऱ्याच्या, कदाचित् त्याच्याच, जाळ्यांत येतो. ह्यासाठीं तांडेलास दोष देणें सोपें आहे. परंतु ज्या पिशवींतून भाजी आपल्या घरीं आली, ती वाहून आणण्याचा भार त्यानें एकट्यानें कां सोसावा? आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, जाळ्यांत आलेला कचरा किनाऱ्यावर आणणें हें मच्छिमाराचें कर्तव्य आहे खरें, पण तो विनामूल्य उतरवून घेऊन त्याची विल्हेवाट लावणें हें जमिनीवरील समाजाचें कर्तव्य आहे. दुसरें पार पडल्यावांचून पहिल्याची अपेक्षा करण्याचा आपणांस अधिकार नाहीं.

हा केवळ मनोराज्याचा विचार नव्हे. नेदर्लंड्समध्यें 2000 सालापासून मच्छिमारांस मोठीं पोतीं देऊन जाळ्यांतील कचरा बंदरांत उतरवून घेण्याचा उपक्रम सुरू झाला. अशा कचऱ्यासाठीं मच्छिमाराकडून वेगळें शुल्क घेऊं नये, असा निर्बंध युरोपीय संघानें 2019 सालीं केला. इतकें दूर तरी कशाला जावें? आपल्याच अरबी समुद्राच्या कांठीं, केरळांतील कोल्लमजवळच्या नींदकरा बंदरांत, मत्स्यव्यवसायमंत्री जे. मर्सिकुट्टी अम्मा ह्यांच्या पुढाकारानें 2017 सालीं ‘शुचित्व सागरम्’ ही योजना निघाली. ट्रॉलरवाल्यांनीं प्लास्टिक बंदरांत आणावें, स्त्रियांनीं तें धुऊन निवडावें, यंत्रानें त्याचे तुकडे करावे आणि ते रस्त्याच्या डांबरांत मिसळावे, अशी ही व्यवस्था. पहिल्या दहा महिन्यांत सुमारें 25 टन प्लास्टिक तेथें वर आलें. जें कोल्लमला साधलें तें रत्नागिरीस, मालवणास किंवा मुंबईच्या ससून डॉकवर कां साधूं नये?

कोणी म्हणेल कीं, मच्छिमारही निर्दोष नाहींत. फाटकीं जाळीं तेच समुद्रांत सोडतात आणि ट्रॉलरनें समुद्राचा तळ खरवडला जातो. हे दोन्ही आक्षेप खरे आहेत. जुनीं जाळीं बंदरांत परत घेतलीं जावीं आणि ट्रॉलरांवर योग्य नियंत्रण असावें, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु एकाचा दोष दाखविल्यानें दुसऱ्याचें ऋण फिटत नाहीं.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, आपल्यांपैकीं पुष्कळांनीं ट्रॉलर पाहिलाही नसेल. पण आपल्या हातून ओढ्यांत पडलेली पिशवी तेथवर पोंचूं शकते. पालकांस नम्र विनंति आहे कीं, मासळी घ्यावयास जातांना घरून भांडें किंवा कापडी पिशवी न्यावी. दृष्टांतांतील कोळ्यांनीं चांगलें तें भांड्यांतच भरलें होतें. राहिलेलें वाईट तें ठेवण्यास किनाऱ्यावर जागा करून देणें, हें मात्र त्यांचें नव्हे, आपलें काम आहे.