उत्तरे जुळली, पण तपासली का?

नीटचा पेपर संध्याकाळी पाचला सुटतो आणि सव्वापाचला केंद्राच्या फाटकाबाहेर दुसरी परीक्षा सुरू होते. ‘तुझे काय आले?’ ‘सी.’ ‘माझेही सी!’ दोघांचे चेहरे उजळतात. तिसऱ्याचे ‘बी’ असते, तो गप्प होतो. रात्री क्लासवाल्यांच्या आन्सर की मोबाईलवर येतात आणि एकेका घरात कुठे मिठाई तर कुठे मातम सुरू होतो. अधिकृत उत्तरतालिका यायला मात्र अजून बराच अवकाश असतो.

मी बीडमध्ये अकरावी-बारावीच्या मुलामुलींना रसायनशास्त्र शिकवतो. घरची वडीलधारी माणसे म्हणतात, ‘पेपर झाला ना, आता विसरा.’ बारावी बोर्डाच्या बाबतीत हे मला पटते. केमिस्ट्रीनंतर दोन दिवसांनी दुसरा पेपर असेल तर उत्तरे जुळवत बसणे म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणे. पण नीटनंतर उत्तरे जरूर जुळवावीत. फक्त आज जशी जुळवतो तशी नव्हे.

एक साधा प्रश्न घ्या. कोणत्या मूलद्रव्याची इलेक्ट्रॉन गेन एन्थाल्पी सर्वाधिक ऋण? दहा जणांना विचारा, बरेच जण ‘फ्लोरिन’ म्हणतील, कारण त्याची इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी सर्वाधिक. बरोबर उत्तर आहे क्लोरिन. फ्लोरिनचा अणू इतका लहान की आत आधीच दाटी असते, येणाऱ्या इलेक्ट्रॉनला तिथले इलेक्ट्रॉन ढकलतात. फाटकाबाहेर आठ जणांचे उत्तर जुळले म्हणून फ्लोरिन बरोबर ठरत नाही, आणि एकट्या पडलेल्या मुलीने रडत घरी जायचे कारण नाही. विज्ञानात बहुमत चालत नाही, कारण चालते.

आपल्या परंपरेला हे नवीन नाही. हदीसच्या अभ्यासकांनी ‘कोण म्हणाले’ यावर न थांबता ‘कोणाकडून ऐकले, तो विश्वासार्ह आहे का’ अशी साखळी तपासण्याचे शास्त्रच उभे केले. ‘अल्कली’ हा शब्द ज्या अरबीतून केमिस्ट्रीत आला, त्याच अरबीतला ‘तहकीक’ हा शब्द आपण घरात रोज वापरतो. मग व्हॉट्सअपवर आलेली आन्सर की तहकीक न करता का मानायची?

आणि चूक नेहमी विद्यार्थ्याचीच असते असेही नाही. 2024 च्या नीटमध्ये अणूविषयीच्या एका प्रश्नाला एनटीएने दोन पर्याय बरोबर धरले होते, कारण एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकातले विधान नव्या पुस्तकात बदललेले होते. 711 गुण मिळवलेल्या एका उमेदवाराने उणे गुणांच्या भीतीने तो प्रश्न सोडला होता. त्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयात पोहोचली. न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांना विचारले. त्यांनी एकच पर्याय बरोबर असल्याचे सांगितले. दुसरा पर्याय निवडलेल्या चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे प्रत्येकी पाच गुण गेले आणि पैकीच्या पैकी 720 मिळवणारे आधी 67 होते, ते शेवटी 17 उरले. जुने पुस्तक वापरणारी मुले कोण असतात, हे मी बीडच्या वाचकाला सांगायला नको. मोठ्या भावाचे पुस्तक धाकट्या बहिणीकडे येते, तेच आपल्याकडे चालते.

2025 च्या एमएचटी-सीईटीतही हेच दिसले. 27 एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताचे 21 प्रश्न सदोष निघाले. विद्यार्थी-पालकांनी तक्रारी केल्या, म्हणून 5 मे रोजी फेरपरीक्षा झाली. कोणी बोललेच नसते तर?

बोलायचा मार्ग नियमातच आहे. नीटची प्रश्नपुस्तिका आपण घरी आणू शकतो. पुढे तात्पुरती उत्तरतालिका आणि आपल्या ओएमआरची प्रत ऑनलाइन मिळते, आणि आक्षेप घ्यायला थोडे दिवस दिले जातात. प्रत्येक प्रश्नाला 200 रुपये लागतात, ते परत मिळत नाहीत. सीईटीला तर त्याहून कितीतरी जास्त. ऊसतोड कामगाराच्या किंवा हातगाडीवाल्याच्या घरात ‘कदाचित’साठी दोनशे रुपये कोण देणार? शंका खरी असूनही आपली मुले गप्प बसतात ती इथे. न्याय मागायला आधी फी भरावी लागणे हेच मुळात चूक आहे. आक्षेप मान्य झाला तर ते पैसे परत मिळालेच पाहिजेत, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

भाषेचाही मुद्दा आहे. पेपर मराठीत मिळतो, उर्दूतही मिळतो. उर्दूसाठी एका विद्यार्थी संघटनेला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले होते, तेव्हा 2018 पासून ती भाषा आली. पण भाषांतरात संदिग्धता असली तर इंग्रजी मजकूरच अंतिम मानला जातो. म्हणजे मराठी-उर्दू माध्यमाच्या मुलाने प्रश्न बरोबर वाचूनही गुण जाऊ शकतो. म्हणून दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचणे हे आपलेच काम आहे.

मग करायचे काय? पेपरच्या दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत, शाळेच्या वर्गात, जागा मिळेल तिथे एकत्र बसा. रसायनशास्त्राचे 45 प्रश्न, पुढ्यात एनसीईआरटी. पर्यायाचे अक्षर सांगू नका, कारण सांगा. ज्याला कारण सांगता येत नाही त्याचे उत्तर ‘माहीत नाही’ या रकान्यात जाऊ द्या. केंद्रावरून थेट अब्बूंच्या गाडीवर बसून घरी जाणाऱ्या मुलींना आवर्जून बोलवा. फाटकाबाहेरच्या घोळक्यात त्यांना जागा नसते, आणि नेमके उत्तर अनेकदा त्यांच्याकडेच असते.

जिथे पुस्तक एक सांगते आणि उत्तरतालिका दुसरे, तो प्रश्न बाजूला काढा आणि सगळ्यांनी मिळून एक आक्षेप दाखल करा. एकाचा आक्षेप मान्य झाला की सुधारित उत्तर सगळ्यांना लागू होते. वीस जणांनी दहा-दहा रुपये काढले की फी निघते. पान क्रमांकासह पुरावा जोडा, तक्रारीचा सूर नको, दलील हवी.

यातून प्रत्येकाला अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळेल असे नाही. पण सत्तेने दिलेले उत्तरही पुस्तक उघडून तपासता येते, चुकले असेल तर पुराव्यासह सांगता येते आणि ते बदलूही शकते, हे अठराव्या वर्षी कळलेला तरुण पुढे रेशनच्या यादीसमोर किंवा मतदार यादीसमोर मान खाली घालून उभा राहणार नाही.