‘स्पेक्ट’ पाठ करणाऱ्यांनो, ‘परीक्षा’ हा शब्द एकदा फोडून पाहा

१/१८
गंगापूर रोडवरच्या अभ्यासिकेत माझ्या शेजारी बसणारा एक मुलगा महिनाभर इंग्रजी शब्दमुळांची यादी पाठ करतो आहे. ‘स्पेक्ट म्हणजे पाहणे, पोर्ट म्हणजे वाहून नेणे, सर्कम म्हणजे भोवती.’ यादी एका क्लासने दिलेली. मुलगा मराठी माध्यमाचा. सकाळी पाठ केलेले संध्याकाळी विसरतो आणि दोष स्वतःच्या स्मरणशक्तीला देतो. हा धागा त्याची बाजू मांडण्यासाठी.

२/१८
माझे म्हणणे स्पष्ट आहे. मूळ, उपसर्ग आणि प्रत्यय ओळखून शब्दसंपदा वाढवण्याची पद्धत उत्तमच आहे. परंतु ती मराठी मुलाला परकी गुरुकिल्ली म्हणून विकणे ही फसवणूक आहे. ती किल्ली त्याच्या खिशात आधीपासून आहे. ती वापरायची कशी, एवढेच त्याला कोणी सांगितलेले नाही.

३/१८
‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे. परि + ईक्षा = परीक्षा, सर्व बाजूंनी पाहणे. निर् + ईक्षण = निरीक्षण. सम् + ईक्षा = समीक्षा. अप + ईक्षा = अपेक्षा. उप + ईक्षा = उपेक्षा. प्रति + ईक्षा = प्रतीक्षा. मूळ एक, उपसर्ग सहा आणि शब्दही सहा. यांतला एकही शब्द आपण यादीतून पाठ केलेला नाही.

४/१८
आता लॅटिन ‘स्पेक्ट’ घ्या. इन्स्पेक्शन म्हणजे निरीक्षण. एक्स्पेक्टेशन म्हणजे अपेक्षा. सर्कमस्पेक्ट म्हणजे चहूकडे पाहून वागणारा, सावध. रचना थेट ‘परि + ईक्ष्’ची. रिट्रोस्पेक्ट म्हणजे मागे वळून पाहणे, सिंहावलोकन. ज्याला ‘परीक्षा’ फोडता येते त्याला ‘सर्कमस्पेक्ट’ची भीती का वाटावी?

५/१८
नाते याहूनही जवळचे आहे. ‘स्पेक्ट’ज्या लॅटिन धातूपासून आला, त्याचा संस्कृतातील सख्खा चुलतभाऊ आहे ‘स्पश्’. त्यापासून झालेला शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो: ‘स्पष्ट’, म्हणजे नीट दिसणारे. तो मुलगा ‘स्पेक्ट’ पाठ करत होता आणि ‘मला हे स्पष्ट होत नाही’ असे म्हणत होता!

६/१८
इंग्रजीचा ‘कठीण’ शब्दसंग्रह कठीण का वाटतो? कारण ती भाषा दुमजली आहे. खाली घरगुती शब्द: टूथ, फुट, फादर. वर विद्वानांचे शब्द: डेंटल, पेडेस्ट्रियन, पॅटर्नल. खालचा मजला जर्मेनिक कुळाचा. वरचा १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमधून आणि पुढे प्रबोधनकाळात लॅटिन-ग्रीकमधून चढवलेला.

७/१८
मराठीही दुमजलीच आहे. खाली तद्भव, वर तत्सम. दात आणि दंतवैद्य. पाय आणि पादचारी. हात आणि हस्तलिखित. टूथ-डेंटिस्ट, फुट-पेडेस्ट्रियन, हँड-मॅन्युस्क्रिप्ट या जोड्या शेजारी ठेवून पाहा. जिने सारखे आहेत. मराठी मूल शाळेत जाण्याआधीच या जिन्यावरून वरखाली करायला शिकलेले असते.

८/१८
या साम्याचा इतिहास असा: २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी मांडले की, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या धातूंत आणि व्याकरणात जे साम्य आहे ते योगायोगाने येणे अशक्य, या भाषा एखाद्या समान उगमातून निघाल्या असाव्यात, आणि तो उगम कदाचित आता अस्तित्वातही नसेल.

९/१८
हे साम्य नियमबद्ध आहे. संस्कृत ‘प’ लॅटिनमध्ये ‘प’च राहतो, इंग्रजीत ‘फ’ होतो: पितृ, पातेर, फादर. संस्कृत ‘द’ इंग्रजीत ‘ट’ होतो: द्वि, दुओ, टू. शब्दारंभीचा ‘भ’ लॅटिनमध्ये ‘फ’, इंग्रजीत ‘ब’: भ्रातृ, फ्रातेर, ब्रदर. ‘भृ’ म्हणजे वाहणे, तोच लॅटिन ‘फेर्रे’. म्हणून ट्रान्सफर म्हणजे पलीकडे वाहून नेणे. ‘भार’ आणि ‘ट्रान्सफर’ एकाच कुळातले.

१०/१८
उपसर्गांचेही तसेच. ‘परि’ म्हणजे ग्रीक ‘पेरि’: परिमिती, पेरिमीटर. नकारार्थी ‘अ’ म्हणजे ग्रीक ‘अ’: अज्ञेय, अ‍ॅग्नॉस्टिक, येथे ‘ज्ञा’ आणि ‘ग्नो’सुद्धा एकच. ‘दुस्’ म्हणजे ग्रीक ‘डिस’ आणि ‘पच्’ म्हणजे ‘पेप्’: डिस्पेप्सिया म्हणजे दुष्ट पचन. औषधाच्या दुकानातला शब्दही परका राहिला नाही.

११/१८
शब्द फोडण्याची ही शिस्त आपल्याकडे किती जुनी? पाणिनीय परंपरेच्या धातुपाठात सुमारे २००० धातू आहेत. चार्ल्स विल्किन्स यांचे इंग्रजीतील संस्कृत व्याकरण १८०८ मध्ये आले. फ्रान्झ बॉप यांचा तौलनिक ग्रंथ १८१६ मध्ये. युरोपीय भाषाशास्त्र या व्याकरणपरंपरेकडून बरेच शिकले. मात्र धातूची कल्पना अरबी आणि हिब्रू व्याकरणकारांकडेही होती. मक्तेदारी कोणाचीच नव्हती.

१२/१८
नाशिककरांसाठी खास. ‘नासिका’ला ‘यत्’ प्रत्यय लागला की ‘नस्य’ होते. आयुर्वेदातले नाकात घालायचे औषध ते हेच. मात्र हा बदल दोन ठिकाणी होत नाही: अनुनासिक वर्णाच्या बाबतीत आणि नगराच्या बाबतीत. तेथे रूप ‘नासिक्य’. पतंजलींच्या महाभाष्यात, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास, आपले गाव व्याकरणातील अपवाद म्हणून हजर आहे. इंग्रजी ‘नेझल’ आणि ‘नोज’ही याच कुळातले.

१३/१८
आपल्या पूर्वसूरींनी इंग्रजी कशी शिकली? कृष्णशास्त्री चिपळूणकर आधी संस्कृत पाठशाळेत घडले, इंग्रजीकडे नंतर वळले आणि जॉन्सनची ‘रासेलस’ मराठीत आणण्याइतके तीत पारंगत झाले. रा. गो. भांडारकरांनी १८७४ च्या लंडनमधील प्राच्यविद्या परिषदेसाठी नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवर इंग्रजीत निबंध लिहिला. १८७७ मध्ये मुंबईत भाषाशास्त्रावर व्याख्याने दिली, तीही इंग्रजीत. जुनी विद्या टाकून ते नवीकडे गेले नाहीत.

१४/१८
आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींशी भांडण. ‘सप्टेंबर म्हणजे सप्त + अंबर’ हा संदेश फिरवू नका. रोमन वर्ष पूर्वी मार्चपासून सुरू होई, म्हणून सातवा महिना सप्टेंबर; ‘सेप्टेम’ हा अस्सल लॅटिन शब्द. ‘सप्त’ त्याचा चुलतभाऊ आहे, बाप नव्हे. संस्कृत ही इंग्रजीची आई असल्याचे सांगणारा आणि मराठी मुलाला मुळे परकी असल्याचे सांगणारा, दोघेही त्याला इतिहासापासून तोडतात.

१५/१८
दुसरा सावधगिरीचा इशारा: मूळ हे शब्दाचे जन्मस्थान असते, पत्ता नव्हे. ‘सस्पेक्ट’मधला ‘सब’ आणि ‘उपेक्षा’मधला ‘उप’ हे एकाच कुळातले उपसर्ग, दोन्हीकडे पाहण्याचाच धातू. पण एकीकडे संशय झाला, दुसरीकडे दुर्लक्ष. यादी हे सांगत नाही. वाक्य सांगते.

१६/१८
आणि हा धोकाही आपल्याला घरचाच आहे. ‘अपरोक्ष’चा संस्कृत अर्थ ‘समोर’. मराठीत सर्रास ‘पाठीमागे’. ‘शिक्षा’ तिकडे शिकवण, इकडे दंड. ‘अमूल्य’ म्हणजे कवडीमोल नव्हे, मोल करता येणार नाही असे. ज्याला ‘अमूल्य’ कळतो तो ‘इन्व्हॅल्युएबल’ला ‘निरुपयोगी’ म्हणून परीक्षेत गुण घालवणार नाही.

१७/१८
एक आक्षेप रास्त आहे: संस्कृत शतकानुशतके बहुसंख्यांना नाकारली गेली, मग आज तिचाच आधार कशाला? उत्तर असे की, येथे संस्कृत शिकण्याची अटच नाही. परीक्षा, अपेक्षा, पादचारी, अज्ञात हे शब्द वर्तमानपत्रातले, एसटी स्थानकावरचे, पोलीस पंचनाम्यातले आहेत. ते प्रत्येक मराठी माणसाच्या मालकीचे आहेत. नाकारलेल्या विद्येतला जो भाग बोलीतून आपल्याकडे आलाच आहे, त्यावर हक्क सांगायचा. महागडी यादी विकत घेऊन पुन्हा दुसऱ्या कोणाच्या दारात उभे राहण्यापेक्षा ते बरे.

१८/१८
तेव्हा अभ्यासिकेतल्या मित्रा, यादी मिटव. रोज एक इंग्रजी मूळ घे, त्याच्यासमोर मराठी कुटुंब लिही, मग प्रत्येक शब्द एका खऱ्या वाक्यात पाहा. उद्यासाठी ‘स्था’ देतो: संस्था, अवस्था, स्थानक, तिकडे इन्स्टिट्यूट, स्टेटस, स्टेशन. आणि आपल्या गोदाकाठी दर बारा वर्षांनी भरतो तो ‘सिंहस्थ’, म्हणजे गुरू सिंह राशीत ‘स्थित’ असतो तो काळ. वाचकहो, तुम्हाला सापडलेली कुटुंबे खाली लिहा. मात्र चुलतभावाला बाप करू नका.